गावाला यायचं नाही

२०२० चा होम ९ मार्चला लागला. मंडणगड तालुक्यातल्या आमच्या गावात शिमग्याला मुंबईहून गाड्या भरभरून येतात, तशा त्या तेव्हाही आल्या होत्या. खालूबाजा वाजला, पालखी सहाणेवर, म्हणजे तिच्या ठरलेल्या ओट्यावर आली, पोरांनी ती खांद्यावर घेऊन नाचवली आणि खांदा द्यायला नेहमीसारखी ढकलाढकली झाली. त्याच दिवशी पुण्यात, दुबईहून परतलेल्या दोघांचे कोरोनाचे अहवाल पॉझिटिव्ह आले. महाराष्ट्रातले ते पहिले रुग्ण. गावात ही बातमी कुणी ऐकली असेल तरी मनावर घेतली नाही. शिमगा उरकला, चाकरमानी परत निघाले आणि निघताना जो तो म्हणाला, आता मे महिन्यात.

मे महिन्यात यायचं नाही, हा निरोप एप्रिल लागेपर्यंत आला. गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवरच आला. वर गणपतीचं चित्र, खाली ‘सर्व मुंबईकर ग्रामस्थांना नम्र विनंती’. त्यावर मुंबईकरांनी जे लिहिलं ते नम्र नव्हतं. दुसऱ्या दिवशी ग्रुपचं सेटिंग बदललं. फक्त ॲडमिनच लिहू शकत होता, आणि ॲडमिन गावात होता.

टाळेबंदी म्हटलं की लोकांना थाळ्या आठवतात, ५ एप्रिलचे दिवे आठवतात, दूरदर्शनवर पुन्हा लागलेलं रामायण आठवतं. आमच्याकडे तो विषय निघाला की गाडी एकाच ठिकाणी येऊन थांबते: दादाला गावात का घेतलं नाही? इतकी वर्षं झाली, पण लग्नकार्यात जेवणं आटोपून सुपारी कातरायला बसलं की हा प्रश्न कुणीतरी उकरतोच, आणि मग निम्मी माणसं उठून जातात.

दादा म्हणजे माझा चुलतभाऊ. वरळीच्या बीडीडी चाळीत राहायचा. एकशेसाठ चौरस फुटांची खोली, एका मजल्यावर वीस खोल्या आणि संडास सगळ्यांना मिळून. मी त्याच चाळीत वाढले, लग्न होऊन डोंबिवलीला आले. मार्चच्या शेवटी जवळचा वरळी कोळीवाडा सील झाला आणि पाठोपाठ आजूबाजूच्या चाळींत माणसं सापडू लागली. ‘अंतर ठेवा’ असं टीव्हीवर सांगायचे तेव्हा दादा विचारायचा, कुणापासून? खोलीत तो, वहिनी, दोन मुलं आणि वहिनीची आई. सकाळी संडासच्या रांगेत उभं राहायचं तर पुढच्या माणसाची मान हातभर अंतरावर. थोरला पुतण्या दहावीला होता. त्याचा भूगोलाचा पेपर तेवढा उरला होता. २३ मार्चचा तो पेपर आधी पुढे ढकलला, मग रद्दच झाला. पोरगं भूगोल न देता दहावी सुटलं, आणि पुढच्या दोन महिन्यांत वडिलांना नकाशे काढून दाखवण्याचं काम मात्र त्याच्यावर आलं: गावाला जायचं तर कुठल्या रस्त्याने, कुठे चौकी, कुठे पूल.

कारण दादाच्या डोक्यात दुसरा विचारच नव्हता. ऑफिस बंद, पगार अर्धा, लोकल बंद. अशा वेळी आपण गावाला जातो. हे त्याला कुणी शिकवलं नव्हतं; आमच्याकडे तशीच रीत आहे.

ती रीत बरीच जुनी आहे. १८९६ च्या सप्टेंबरात मुंबईच्या मांडवीत डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेग ओळखला आणि पुढच्या काही महिन्यांत जवळजवळ निम्मी मुंबई पळाली. त्यात गिरण्यांत आणि गोदीत राबणारे कोकणातले लोक होते. मिळेल त्या बोटीने ते दाभोळ, हर्णैच्या बाजूला उतरले. त्या साथीचं पुण्यातलं प्रकरण, रँडचं, शाळेच्या पुस्तकात आहे. कोकणातलं कुठे फारसं नाही. माझी आजी तिच्या सासूकडून ऐकलेलं सांगायची की मुंबईहून आलेल्यांना माळावर झोपड्या घालून ठेवायचे आणि भाकरी लांबून ठेवून यायचे. आम्ही ते भुताच्या गोष्टींच्या रांगेत बसवून टाकलं होतं. प्लेगच्या वेळी, १८९७ साली इंग्रजांनी केलेला चार कलमांचा साथरोग कायदाच २०२० च्या मार्चमध्ये महाराष्ट्राने पुन्हा लागू केला, तेव्हा मला आधी आजीची ती झोपडी आठवली.

दुसरा प्रसंग मी स्वतः पाहिलेला. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार, त्यांतले एक माझे वडील. चार महिने तग धरला, मग आम्ही सगळे गावाला गेलो. माझी पहिली तिथल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत झाली. दोन खोल्या, पुढे पडवी, मंगलोरी कौलं. काकाने वडिलांना एकदाही विचारलं नाही की किती दिवस राहणार. तांदूळ घरचा होता, कुळीथ घरचे होते, आणि वडील नांगराला उभे राहिले. संप मिटलाच नाही, तो विरत गेला. वडील पुढे दुसरी नोकरी धरून मुंबईला परतले. पण गाव आपल्याला टाकत नाही ही गोष्ट आमच्या घरात तेव्हापासून गृहीत धरली गेली.

गृहीत म्हणजे फुकट नव्हे, हेही सांगायला हवं. मुंबईकर दर महिन्याला मनीऑर्डर पाठवत आला. देवळाचा स्लॅब मुंबई मंडळाच्या, म्हणजे मुंबईत राहणाऱ्या गावकऱ्यांच्या मंडळाच्या वर्गणीतून पडला, पाखाडीच्या पायऱ्या तिथूनच, शाळेचं रेडिओ-कपाटसुद्धा. हा एक विमाच होता. हप्ते तीन पिढ्यांनी भरले. दादाने क्लेम केला तो २०२० च्या मे महिन्यात.

त्या महिन्यात जिल्हा ओलांडायला ई-पास लागत असे. दादाचा अर्ज नामंजूर व्हायचा, तो पुन्हा भरायचा. कोकण रेल्वेच्या रुळांवरून माणसं चालत निघाल्याच्या बातम्या यायच्या, तेव्हा वहिनी टीव्ही बंद करायची. ८ मेला औरंगाबादजवळ करमाड इथे रुळांवर झोपलेले सोळा मजूर मालगाडीखाली गेले, त्यानंतर दादानेही रुळांचं नाव काढलं नाही. शेवटी पास मिळाला. एरवीच्या कितीतरी पट भाडं देऊन एक गाडी ठरली. पेण, माणगाव, आंबेत. सावित्रीचा पूल ओलांडला की म्हाप्रळ, म्हणजे आपला तालुका. तिथे गाड्यांची रांग. ताप बघितला, हातावर शिक्का मारला, नाव-गाव लिहिलं. गावच्या वेशीवर बांबू आडवा टाकलेला होता आणि बांबूच्या पलीकडे पोलीस पाटील उभे होते. दादाच्या वर्गातले. आमच्याच भावकीतले.

‘घरी नाय. शाळेत.’

एवढंच बोलणं झालं म्हणतात. दादाची बाजू अशी की घर त्याचं होतं, घरात दोन खोल्या मोकळ्या होत्या, मागच्या दाराने परसातून जाता आलं असतं. शासनाचा नियमही तेव्हा रोज बदलत होता. कुठे घरी राहा म्हणायचे, कुठे संस्थेत. गावोगावच्या ग्राम कृती दलांनी आपापले नियम केले होते. सरपंच, तलाठी, ग्रामसेवक, पोलीस पाटील, आशाताई. आमच्या दलाने ठरवलं होतं की मुंबईहून येईल तो चौदा दिवस शाळेत.

मी तेव्हा डोंबिवलीत बसून फोनवर फार भांडले. काकीशीसुद्धा. काकी म्हणाली, ‘गो बाय, मला येतंय का कळत नाय? पण इथं आमी म्हातारीच हाव.’

ते खरंच होतं. आमच्या वाडीत कायम राहणाऱ्यांत साठीच्या आतली माणसं हाताच्या बोटांवर मोजावीत इतकी. तरुण सगळे मुंबईत, म्हणजे नेमके ज्यांना यायचं नाही असं सांगितलं तेच. मंडणगडला ग्रामीण रुग्णालय आहे, जास्त झालं तर खेडजवळ कळंबणी, त्याहून जास्त तर रत्नागिरी. घशातले नमुने तेव्हा मिरजेला जायचे आणि अहवाल येईपर्यंत दिवस जायचे. त्यात मे महिना. कोकणात पाऊस ढिगाने पडतो आणि मे महिन्यात विहिरीचा तळ दिसतो. रात्री उठून झऱ्याचं पाणी वाट्यांनी भरणाऱ्या बायका मी लहानपणी पाहिल्या आहेत. दर वर्षी मे महिन्यात मुंबईकर आला की पाण्यावरून कुरबुर होतेच, फक्त ती पाहुण्यांच्या मागे होते. त्या वर्षी ती तोंडावर झाली.

वर्तमानपत्रांत तेव्हा ‘गावाने माणुसकी सोडली’ अशा मथळ्याच्या बातम्या आल्या. असं लिहिणं सोपं असतं. ज्यांना गावातली विहीर कधी शेंदायची नव्हती त्यांनी ते लिहिलं. पण उलट बाजूने, गाव शहाणं वागलं, शिस्तीने वागलं, असं जे कौतुक झालं तेही मला पटत नाही. बांबूच्या अलीकडे एक म्हातारी बाई आणि दोन मुलं गाडीत बसून होती आणि त्यांना पाणी द्यायला कुणी पुढे आलं नाही. भीती खरी होती आणि वागणं वाईट होतं. दोन्ही एकदम असू शकतं.

शाळेत मग तीन कुटुंबं झाली. मुलींच्या खोलीत बायका, दुसरीत पुरुष. फळ्यावर मार्चमधली तारीख तशीच. सकाळी गावातला एकजण पिंप भरून ठेवायचा, आणि पिंपाला शाळेतल्यांनी हात लावल्यावर बाहेरच्यांनी लावायचा नाही असा नियम. जेवण ज्याच्या त्याच्या घरून. काकी डबा गडग्यावर ठेवून दहा पावलं मागे जाऊन उभी राहायची. दादा पुढे होऊन डबा उचलायचा. पिठी, भात, सुका जवळा, फणसाची भाजी. रिकामे डबे दोन दिवस उन्हात ठेवून मग घरी न्यायची. आशाताई रोज यायची, ताप बघायची, वहीत लिहायची. तिचा मास्क शिवलेला होता, साडीच्या काठाचा. गावात तिच्याशीही दोन-तीन घरं बोलेनाशी झाली होती, कारण ती शाळेत जायची.

आता ३ जून. निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्याला येऊन धडकणार हे दोन दिवस आधी कळलं होतं. अशा वेळी तलाठ्याकडून ठरलेला आदेश येतो: कच्च्या घरांतल्या लोकांना पक्क्या इमारतीत हलवा. आमच्याकडे सरकारी दप्तरात पक्की इमारत म्हणजे शाळा. आणि शाळेत मुंबईकर.

दलाची बैठक भर रस्त्यात झाली. म्हाताऱ्या माणसांना शाळेत न्यायचं तर मुंबईकर कुठे? मुंबईकरांबरोबर ठेवायचं तर मग इतके दिवस काय केलं? कुणीतरी म्हणालं, देऊळ. देऊळ तेव्हा बंद होतं. राज्यातली सगळीच देवळं बंद होती, ती पुढे १६ नोव्हेंबरला, पाडव्याला उघडली. एरवी देवीच्या बाबतीत काही करायचं तर कौल लावतात, म्हणजे तिची परवानगी विचारतात. गुरवाने आभाळाकडे बघितलं, कमरेची किल्ली काढली आणि कुलूप उघडलं. दादा सांगतो, महाराष्ट्रातले सगळे देव कोंडलेले आणि आम्ही मात्र देवीसमोर चटया पसरून! स्लॅब पुन्हा मुंबईच्याच वर्गणीचा. हे मात्र तो दर वेळी सांगतो आणि जरा मोठ्याने सांगतो.

दुपारी वारा आला. मी त्याबद्दल काही सांगणं बरोबर नाही, कारण मी तिथे नव्हते. दुपारनंतर फोन लागेना. पुढे कित्येक दिवस लागला नाही. टॉवर पडला होता, विजेचे खांब पडले होते, रस्ते झाडांनी बंद होते. टीव्हीवर मुंबई वाचली म्हणून सुटकेचा श्वास टाकत होते; वादळ मुंबईला न लागता खाली वळलं ही त्यांच्यासाठी चांगली बातमी होती. ते ‘खाली’ म्हणजे श्रीवर्धन, दापोली, मंडणगड. पहिला निरोप आला तो पुतण्याचा. सड्याच्या, म्हणजे वरच्या माळाच्या टोकाला चालत जाऊन त्याला रेंज मिळाली होती. ‘आत्या, सगळे आहेत. झाडं नाहीत.’

शाळेची अर्धी कौलं गेली होती, पण आतली म्हातारी माणसं सुखरूप होती. काकीच्या घरावर फणस आडवा झाला होता. माड मधूनच मोडलेले, पोफळीच्या बागा झोपलेल्या, कलमं मुळासकट उपटलेली. रस्ता मोकळा करायचा तर कोयते, कुऱ्हाडी चालवणारे हात हवेत, आणि चालतील असे हात गावात होते ते देवळात. ते बाहेर आले. चौदा दिवस भरले की नाही हे कुणी विचारलं नाही. आशाताईच्या वहीत त्या दिवसाचं पान कोरं आहे. दादाने काकीच्या घरावरचा फणस तोडला, मग पोलीस पाटलांच्या गोठ्यावरचा आंबा.

इथे गाव आणि मुंबई पुन्हा एक झाली असं लिहायचा मोह होतो, पण तसं काही झालं नाही. आठवड्याभरात ताडपत्र्यांच्या यादीवरून भांडणं सुरू झाली. बंद घराला ताडपत्री द्यायची का? घर मुंबईकराचं, कौलं त्याचीही उडालेली, पण राहतं कोण? पंचनाम्यात कुणाची झाडं किती लिहिली यावरून दोन सख्खे भाऊ पोलीस ठाण्यापर्यंत गेले. नुकसानभरपाई हेक्टरच्या हिशेबात आणि आमच्या बागा गुंठ्यांत. हातात येणारी रक्कम मोडलेले माड बाजूला करण्याच्या मजुरीलाही पुरेना. आणि सातबारा सामायिक. एका गटावर बारा-पंधरा नावं, त्यांतली बरीच लालबाग, भांडुप, नालासोपाऱ्यात राहणारी. पैसे मिळायचे तर सगळ्या हिस्सेदारांची संमती लागणार. आता गावातून मुंबईला फोन येऊ लागले. एप्रिलमध्ये ज्याने ग्रुप बंद केला होता त्याच ॲडमिनने तो उघडला आणि लिहिलं, ‘सर्व मुंबईकर ग्रामस्थांना नम्र विनंती’. काहींनी सह्या लगेच पाठवल्या. काहींनी महिनाभर लावला, मुद्दाम. माझ्या भावाने, सख्ख्या, लावला. मी त्याला बोलले, पण फार जोरात नाही.

गणपती २२ ऑगस्टला होते. त्या वर्षी १२ ऑगस्टच्या आत पोहोचणाऱ्याने दहा दिवस विलगीकरणात राहायचं आणि नंतर येणाऱ्याने स्वॅबचा निगेटिव्ह अहवाल आणायचा, असं शासनाने ठरवलं. एसटीच्या एका गाडीत बावीस माणसं. घरगुती मूर्ती दोन फुटांच्या आत. मी गेले नाही. चौघांचे स्वॅब, गाडी, आणि मनात थोडा तो बांबूही होता. काकीने गौरीला माझ्या नावाचा ओवसा, म्हणजे सुपातून द्यायचं वाण, शेजारच्या सुनेकडून भरून घेतला आणि सुपाचा फोटो पाठवला. फोटो तिरका होता आणि कोपऱ्यात तिचा अंगठा आला होता.

दादा मात्र त्या वर्षी मुंबईला परतलाच नाही. २९ जुलैला दहावीचा निकाल लागला तो पुतण्याने सड्यावर उभं राहून बघितला. न दिलेल्या भूगोलाला त्याला इतर विषयांच्या सरासरीने गुण मिळाले, आणि ते त्याच्या गणितापेक्षा जास्त होते. नोव्हेंबरात भात झोडून झाल्यावर दादा एकटाच वरळीला गेला. लोकल तेव्हा सगळ्यांना खुली नव्हती, ती १ फेब्रुवारी २०२१ ला ठरावीक वेळांसाठी खुली झाली; तोवर तो बसने जात राहिला.

मग दुसरी लाट आली आणि पारडं फिरलं. २०२१ च्या जूनमध्ये राज्याने जिल्ह्यांचे पाच स्तर केले, तेव्हा रत्नागिरी जिल्हा चौथ्या स्तरात होता, म्हणजे वाईट बाजूला. मुंबई त्याहून बरी होती. पोलीस पाटलांना धाप लागली तेव्हा रात्री फोन आला तो दादाला. कुठे बेड मिळेल, कुणाची ओळख आहे का. दादाने वरळीतून चार जणांना फोन लावले, एका कार्यकर्त्याला उठवलं, आणि कळंबणीला ऑक्सिजनचा बेड मिळाला. पाटील वाचले. पण बांबूबद्दल दोघांत आजवर एक शब्द झालेला नाही. दादा म्हणतो, त्याने बोलावं. पाटील काय म्हणतात ते मला माहीत नाही. ते माझ्याशी हवापाण्यावर बोलतात.

मुंबई मंडळाच्या त्यानंतरच्या सभेत मात्र एक ठराव झाला. शाळेच्या मागे दोन संडास आणि पाच हजार लिटरची पाण्याची टाकी. पुढे पुन्हा काही आलं तर, असं कारण लिहायचं नाही असं ठरलं; ‘विद्यार्थ्यांच्या सोयीसाठी’ असं लिहिलं, जरी शाळेत तेव्हा जेमतेम सात मुलं होती. वर्गणी जमली. टाकी उभी राहिली, संडासही झाले. टाकीवर ‘सौजन्य: मुंबई मंडळ’ घालायचं की ‘ग्रामस्थ मंडळ, मुंबई व स्थानिक’ घालायचं, यावर तिढा पडला. स्थानिकांचं म्हणणं, जागा आमची, चर आम्ही खणला, पाणी आमच्या विहिरीचं. मुंबईकर म्हणाले, मग टाकी कुणाची? दोन सभा त्यात गेल्या. रंगारी एकदा येऊन तसाच परत गेला. यंदाच्या शिमग्याला बघू म्हणालेत.